क्रोशाचं सामान्यज्ञान : दहा प्रश्न आणि एक जास्तीचा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाने गच्चीवर घेतलेल्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी ते नीट लिहून काढले आहे. बोलण्याची भाषा मात्र तशीच ठेवली आहे.)



मंडळाने मला सांगितलं, क्रोशावर वीस मिनिटं बोला. वीस मिनिटांत क्रोशा शिकवता येत नाही. साखळी घालायला शिकवेपर्यंतच वेळ संपेल. म्हणून मी ठरवलं की आज तुमची परीक्षा घ्यायची. दहा प्रश्न. मोबाईल मांडीखाली ठेवायचे, उत्तर येत असेल तर हात वर करायचा. बरोबर उत्तराला या परडीतलं क्रोशाचं एक फूल. चुकीच्या उत्तराला टाळी, कारण चुकायलाही धीर लागतो. पुरुषांनी "हा बायकांचा विषय" म्हणून मागे सरकू नये. तिसरा प्रश्न खास त्यांच्यासाठी आहे.

पहिला प्रश्न सोपा. "क्रोशा" हा शब्द कुठल्या भाषेतला?

इंग्रजी म्हणणाऱ्यांना टाळी. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ छोटा आकडा. सुईच्या टोकाला जो बाक असतो ना, त्यावरून या सगळ्या विणकामाला नाव पडलं. आपल्याकडे दक्षिणेला गोव्यात ख्रिस्ती घरांमधून हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. पोर्तुगीजांच्या भाषेतही शब्द जवळजवळ तोच, क्रोशे. म्हणजे घरोघरच्या टीव्हीवर जो रुमाल बसला होता, त्याचं नाव फ्रान्समधून आलेलं. टीव्ही भिंतीवर गेला, रुमाल कपाटात गेला, नाव तेवढं राहिलं.

दुसरा प्रश्न. दोन सुयांचं लोकरीचं विणकाम आणि एका सुईचा क्रोशा, यांत मुख्य फरक कोणता?

"सुया दोन आणि एक" हे उत्तर मी धरणार नाही, ते प्रश्नातच आहे. खरा फरक असा की स्वेटर विणताना सगळ्या रांगेचे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. शंभर टाक्यांचा पाठ असेल तर शंभरही सांभाळायचे. सुई निसटली की सगळेच धोक्यात. क्रोशात मात्र एक टाका पूर्ण झाला की तो बंद होतो आणि सुईवर पुन्हा एकच फास उरतो. म्हणून कुकरची शिट्टी झाली, पोर रडलं, दारावर कोणी आलं, तर बाई तो एक फास जरा मोठा ओढते, काम खाली ठेवते आणि उठते. परत येऊन तिथूनच पुढे. घरकामाच्या मधल्या फटींतून करता येईल असं हे काम आहे. ही त्याची सोय, आणि त्याच सोयीमुळे पुढे या कामावर थोडा अन्यायही झाला. तो शेवटी सांगते.

तिसरा प्रश्न पुरुषांसाठी. बंदरावर ज्यांचं रोज जाणं-येणं आहे त्यांनी सांगावं, मासेमारीचं जाळं आणि क्रोशाची जाळी यांत फरक काय?

बरोबर! जाळ्यात गाठ असते. हाताने विणलेल्या जाळ्यात सुईवर गुंडाळलेला दोरा आणि मापाची पट्टी घेऊन प्रत्येक घराला वेगळी गाठ मारतात. एक घर तुटलं तरी शेजारचं टिकतं, म्हणून फाटलेलं जाळं बंदरावर बसून दुरुस्त करता येतं. क्रोशात गाठी नाहीत, एकात एक अडकवलेले फास आहेत. शेवटचं टोक सोडून ओढलंत तर अख्खा रुमाल उसवून पुन्हा दोऱ्याची गुंडी होते. गंमत अशी की सुरुवातीचं टोक कितीही ओढा, तो उसवत नाही. मुलांनो, घरी करून पाहू नका. पाहायचंच असेल तर आजीला विचारून पाहा.

आता याच प्रश्नाचा दुसरा भाग. चौकोनी घरांच्या क्रोशाला, म्हणजे एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा एक खांब, असं करून काही घरं भरायची, काही रिकामी ठेवायची आणि त्यातून मोर, हत्ती, "सुस्वागतम्" काढायचं, या प्रकाराला काय म्हणतात? त्याला म्हणतात फिले. फिले म्हणजे फ्रेंचमध्ये चक्क जाळं! पूर्वी युरोपात गाठी मारून आधी खरं जाळं विणायचे आणि मग त्याच्या घरांत सुईने भरत भरायचे. क्रोशाने त्याची नक्कल केली आणि नाव तेच ठेवलं. तेव्हा दारावरचं तोरण आणि बंदरावरचं जाळं एकाच घराण्यातलं आहे. हर्णेच्या माणसाला क्रोशा परका वाटायचं कारण नाही.

चौथा प्रश्न. क्रोशा किती जुना? पर्याय देते. दोन हजार वर्षं, पाचशे वर्षं की दोनशे वर्षं?

बहुतेक हात दोन हजाराला. आपल्याला जुनं म्हटलं की फार जुनं वाटतं. पण आज आपण ज्याला क्रोशा म्हणतो त्याचे पक्के पुरावे साधारण दोनशे वर्षांचे आहेत. हॉलंडमधल्या "पेनेलोपे" नावाच्या मासिकात १८२३ साली क्रोशाच्या बटव्यांचे नमुने छापले गेले. छापील नमुन्यांत हे सगळ्यांत जुने समजले जातात. समोर सुवर्णदुर्ग दिसतो आहे ना? १७५५ साली इंग्रज आरमाराने पेशव्यांच्या बाजूने येऊन तुळाजी आंग्र्यांकडून तो किल्ला घेतला, तेव्हा क्रोशाचा एकही नमुना कुठे छापलेला नव्हता. किल्ला क्रोशापेक्षा वयाने खूपच मोठा.

मग क्रोशा आला कुठून? अनेक अभ्यासकांचं मत असं की तो आपल्याकडच्या आणि इराण-तुर्कस्तानकडच्या आरीच्या भरतकामातून निघाला. आरी म्हणजे आकड्याची बारीक सुई. ताणलेल्या कापडातून ती खाली घालायची, दोरा वर ओढायचा आणि साखळीचा टाका घालायचा. कच्छचे मोची कारागीर यात वाकबगार. अठराव्या शतकात ही कला युरोपात पोचली. तिथे कापड ढोलासारखं गोल चौकटीवर ताणायचे. पुढे कोणीतरी खालचं कापडच काढून टाकलं आणि साखळीवर साखळी हवेतच विणायला लागलं. तुम्ही हल्ली लग्नाच्या ब्लाउजवर हौसेने आरी वर्क करून घेता ना? ती आरी क्रोशाच्या सुईची थोरली बहीण मानायला हरकत नाही.

पाचवा प्रश्न दुकानात उपयोगी पडणारा. वीस नंबरचा दोरा आणि चाळीस नंबरचा दोरा, जाड कोणता?

वीस नंबरचा. दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो. पोलादी सुईचंही तसंच, नंबर वाढला की सुई बारीक. पण लोकरीसाठी ज्या ॲल्युमिनियमच्या जाड सुया मिळतात, त्यांच्यावर मिलिमीटर लिहिलेले असतात. तिथे आकडा वाढला की सुई जाड. हे माहीत नसलं की माणूस दुकानातून भलतंच घेऊन येतो, आणि दापोलीला दुसरी खेप पडते.

दोऱ्याला जी चकाकी असते तिच्यामागेही एक गोष्ट आहे. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने १८४४ मध्ये सुती कापडावर कॉस्टिक सोड्याचा प्रयोग केला. सूत मजबूत झालं, रंगही चांगला धरू लागलं. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने तेच सूत ताणून धरून केलं, तेव्हा त्याला रेशमासारखी झळाळी आली. गुंडीवर "मर्सराइज्ड" लिहिलेलं असतं ते या मर्सरसाहेबांचं नाव.

यूट्यूबवर शिकणाऱ्या मुलींसाठी एक सूचना. अमेरिकन बाई ज्याला "सिंगल क्रोशे" म्हणते, त्यालाच ब्रिटिश पुस्तकात "डबल क्रोशे" म्हणतात. आपल्याकडे त्याला मुका खांब म्हणतात. आणि आपला साधा खांब म्हणजे अमेरिकन "डबल", ब्रिटिश "ट्रेबल". टाका तोच, नावं वेगळी. आईच्या जुन्या इंग्रजी पुस्तकातला नमुना व्हिडिओच्या भाषेत वाचलात, तर रुमालाच्या जागी भलतंच काही तयार होईल. आपलं साखळी, मुका खांब, खांब बरं. त्यात गोंधळ नाही.

सहावा प्रश्न. क्रोशाने कुठल्या देशात दुष्काळात घरं जगवली?

आयर्लंड. शाब्बास, दोन फुलं घ्या! १८४५ पासून तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचं मुख्य अन्नच बटाटा. काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली, आणखी तेवढीच देश सोडून गेली. त्या काळात कॉर्कमधल्या जोगिणींनी आणि गावोगावच्या शिकलेल्या बायकांनी मुलींना क्रोशाची लेस शिकवली. क्लोनिस नावाच्या गावात १८४७ मध्ये तिथल्या पाद्र्याच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी हे काम सुरू केलं. याला भांडवल लागत नाही. एक आकडा, एक गुंडी आणि चुलीशेजारी बसायला जागा, एवढंच. शेतात काही उगवत नव्हतं तेव्हा बायकांच्या हातातून लेस निघत होती, आणि ती लंडन-पॅरिसच्या बाजारात जात होती.

त्या लेसची पद्धतही लक्षात ठेवण्यासारखी. एक बाई फक्त गुलाब विणायची, दुसरी फक्त पानं, तिसरी ते सगळे तुकडे बारीक जाळीने जोडायची. काही नमुने घराण्याचं गुपित असायचे. आपल्याकडे एखादीच्या हातचं लोणचं तिच्याशिवाय कुणालाच जमत नाही, त्यातलाच प्रकार.

सातवा प्रश्न दहावी-बारावीच्या मुलांसाठी. गणिताच्या प्राध्यापकाने क्रोशाची सुई का हातात घेतली?

कुणीच नाही? ऐका तर. गोल रुमाल सपाट बसायला हवा असेल तर प्रत्येक फेरीला खांब ठरावीक संख्येने वाढवावे लागतात. बारा खांबांनी सुरुवात केली तर दर फेरीला साधारण बारा. कमी वाढवले तर कडा वर वळतात आणि टोपडं होतं. जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. विणणाऱ्या बाईला हे हाताला कळतं. गणितात या झालरीसारख्या पृष्ठभागाला हायपरबोलिक पृष्ठभाग म्हणतात. विद्यार्थ्यांना तो समजावणं अवघड, कारण कागदाची प्रतिकृती केली तर ती फाटते. मूळच्या लाटवियाच्या आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या दाइना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये तो क्रोशाने विणला. दर काही टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेल्या, बस्स. न फाटणारी, हातात धरून दुमडता येणारी भूमिती तयार झाली. २००९ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं.

पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या दोन बहिणींनी २००५ मध्ये याच पद्धतीने लोकरीचं प्रवाळ बेट विणायला घेतलं. समुद्रातली प्रवाळं अशीच झालरीसारखी वाढतात. समुद्र तापतो आहे आणि प्रवाळ मरतं आहे हे लोकांना दिसावं म्हणून. देशोदेशीच्या हजारो बायकांनी त्यात आपले तुकडे जोडले. प्रवाळ पाहायला परदेशी जायला नको, आपल्याकडे मालवणच्या समुद्रात आहे. उद्या गणिताच्या बाईंनी तुम्हाला विचारलं की सुट्टीत काय केलंस, तर सांगा, आजीकडून हायपरबोलिक पृष्ठभाग शिकलो.

आठवा प्रश्न. क्रोशा विणणारं यंत्र कुठे मिळतं?

उत्तर : मिळत नाही. मला वाटतं, आजच्या सगळ्या परीक्षेत हेच उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं आहे. लोकरीचं विणकाम यंत्र करतं, कापड यंत्र करतं, भरतकाम यंत्र करतं. जाळीसुद्धा आता यंत्राचीच येते. बाजारात "क्रोशे लेस" म्हणून मीटरवर जी पट्टी मिळते, ती यंत्राचीच असते, पण तिची वीण वेगळी. ती फक्त क्रोशासारखी दिसते. खऱ्या क्रोशात सुईला प्रत्येक टाक्याला नवी जागा शोधावी लागते. कधी मागच्या फेरीच्या खांबात, कधी साखळीच्या पोटात, कधी मधल्या भोकात. प्रयोगशाळेत लहान तुकडे विणणारी यंत्रं लोकांनी करून पाहिली आहेत, पण कारखान्यात खरा क्रोशा धडाधड विणून देणारं यंत्र अजून बाजारात नाही.

याचा अर्थ काय? मॉलमध्ये तीनशे रुपयांना खरा क्रोशाचा टॉप टांगलेला दिसला, तर तो कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी घरात बसून एका माणसाने विणलेला आहे. जगात जिथे जिथे खरा क्रोशा आहे, तिथे तिथे एक हात आहे आणि त्या हाताचे तास आहेत. यात अपवाद नाही.

मग नववा प्रश्न ओघानेच येतो. क्रोशा विणणारी जगातली सर्वांत प्रसिद्ध बाई कोण?

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया. तिने आयर्लंडच्या लेसचं कौतुक केलं, स्वतःही क्रोशा विणला. अगदी म्हातारपणी, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी, तिने सैनिकांसाठी क्रोशाचे स्कार्फ विणले. शौर्य गाजवलेल्या मोजक्या सैनिकांना ते दिले गेले. त्यांवर तिची आद्याक्षरं आहेत. म्हणून आज सव्वाशे वर्षांनंतरही ते स्कार्फ कुणाच्या हातचे ते जगाला ठाऊक आहे. टाका तोच, जो क्लोनिसची उपाशी मुलगी घालत होती. पण त्या मुलीचं नाव कुठल्याच कॉलरवर नाही.

दहावा प्रश्न. भारतात क्रोशाच्या लेसचं सर्वांत मोठं केंद्र कोणतं?

गोवा हे चांगलं उत्तर आहे, अर्धं फूल देते. पण व्यापाराच्या दृष्टीने मोठं केंद्र म्हणजे आंध्र प्रदेशातलं नरसापूर. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथलं हे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना हे काम शिकवलं आणि पुढे आसपासच्या कितीतरी गावांत ते पसरलं. लेस परदेशी जाऊ लागली. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, जसं आपल्या हापूसला आहे.

पण नरसापूरचं नाव जगाला माहीत झालं ते एका पुस्तकामुळे. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाई तिथे जाऊन राहिल्या, विणणाऱ्या बायकांशी बोलल्या, आणि १९८२ मध्ये त्यांनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्यांना काय दिसलं? बायका घरचं सगळं करून दिवसाला सहा सहा, आठ आठ तास विणत होत्या. निर्यात करणारे श्रीमंत होत होते. बायकांना मिळणारी मजुरी मात्र सरकारने ठरवलेल्या किमान मजुरीच्याही खूप खाली होती. आणि हे चालत कसं होतं? तर सगळ्यांनीच, व्यापाऱ्यांनी, घरच्या पुरुषांनी आणि शिरगणती करणाऱ्यांनीही असं धरलं होतं की या काही कामगार नाहीत. या घरी बसणाऱ्या गृहिणी. फावल्या वेळात विणतात. वेळ जावा म्हणून.

मंडळी, "वेळ जावा म्हणून" हे शब्द आपण किती वेळा ऐकलेत? मघाशी मी म्हटलं की क्रोशाच्या सोयीमुळेच त्याच्यावर अन्याय झाला, तो हा. मध्ये उठता येतं म्हणून ते काम धरलं जात नाही. घरात बसून होतं म्हणून त्याची मजुरी लागत नाही.

आपल्या सोसायटीतल्या चौघीजणी पर्यटकांना वस्तू विकणाऱ्या एका दुकानासाठी क्रोशाचे गोल रुमाल करतात. त्यांनी भाव वाढवून मागितला तेव्हा त्यांना उत्तर मिळालं, "वहिनी, तुमचा वेळ पण जातो ना छान!" म्हणून मी घरी बसून हिशेब केला. बारा इंचांचा एक रुमाल घेतला आणि फेरीफेरीने टाके मोजले. सुमारे तीन हजार भरले. बारीक दोऱ्यावर माझ्या हाताला एका टाक्याला सरासरी पाच सेकंद लागतात. तीन हजार गुणिले पाच म्हणजे पंधरा हजार सेकंद. म्हणजे चार तास दहा मिनिटं. त्यात धुणं, साबुदाण्याची खळ घालणं, टाचण्या लावून ताणून वाळवणं धरलं की पाच तास. रुमालाचे मिळतात दीडशे रुपये. दोऱ्याचे चाळीस वजा केले की उरले एकशे दहा. तासाला बावीस रुपये. बावीस रुपयांत बंदरावर चहा आणि वडापावही होत नाही. आणि यात चष्म्याचा नंबर, मानेचं दुखणं, हे कुठेच धरलेलं नाही.

मी कुणाशी भांडायला सांगत नाही. हिशेब करायला सांगते. चौघींनी मिळून तासांचा हिशेब एका कागदावर लिहून दुकानात दाखवला, तर निदान बोलणं वेळ जाण्यावरून वेळेच्या किमतीवर येईल. सोसायटीचा मेंटेनन्स आपण चौरस फुटांवर ठरवतो, पाण्याचा हिशेब टँकरवर ठेवतो. बायकांच्या हाताचा हिशेब तेवढा अंदाजाने का?

आता जास्तीचा प्रश्न. हा अकरावा. याचं उत्तर पुस्तकात नाही आणि मोबाईलवरही नाही. खाली हॉलमध्ये रौप्यमहोत्सवाचं प्रदर्शन मांडलं आहे. त्यात क्रोशाच्या तेवीस वस्तू आहेत, मी मोजल्या. तोरणं, ताटावरचे रुमाल, काठाला मणी ओवलेली तांब्यावरची जाळी, बाळंतविड्यातली टोपडी, रुखवतात मांडलेला कलश-नारळ, एक आख्खी चादर. प्रत्येकीपाशी चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर फ्लॅट नंबर आहे आणि घराचं आडनाव आहे. प्रश्न असा, की त्या तेवीस वस्तू कोणी विणल्या?

बघा, कुजबुज सुरू झाली. "ते आमच्या सासूबाईंचं." "ते आत्याचं असेल." "ते घरात होतंच, कुणाचं ते ठाऊक नाही." पूर्वी एकच वेळ अशी यायची की हे नाव मोठ्याने विचारलं जायचं, ती म्हणजे लग्नातलं रुखवत. मांडवात बायका रुखवताभोवती गोळा व्हायच्या, विचारायच्या, "हे कोणी केलं?" आणि कोणीतरी अभिमानाने सांगायचं, "मुलीने स्वतः केलंय." त्यानंतर ती मुलगी पन्नास वर्षं विणत राहिली, तरी तो प्रश्न तिला पुन्हा कुणी विचारला नाही.

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. ज्या बायका पहिल्या वर्षी इथे राहायला आल्या, तेव्हा पन्नाशीत होत्या, त्या आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. काहीजणी गेल्या. त्यांच्यातल्या कुणाला कुठला नमुना येत होता, तो कुणाकडून शिकला, माहेर अंजर्ल्याचं की रत्नागिरीचं, हे सांगणारं माणूसही पुढच्या पंचवीस वर्षांत राहणार नाही. यंत्र नाही म्हणून प्रत्येक तुकड्यामागे हात नक्की आहे, हे आपण आठव्या प्रश्नात पाहिलं. तर तो हात कुणाचा, एवढं तरी लिहून ठेवू या.

कामं तीनच सांगते, तीही सोपी.

एक. मुलांनो, हे तुमच्यासाठी. आज जेवणं झाली की घरातल्या मोठ्या माणसांना विचारा आणि उद्या सकाळपर्यंत खालच्या चिठ्ठ्यांवर विणणारीचं नाव घाला. तिचं स्वतःचं नाव. "अमक्यांची आजी" असं नको. नाव कुणालाच आठवत नसेल तर तसंही लिहा, जागा रिकामी सोडू नका.

दोन. विणणाऱ्यांनी यापुढे कोपऱ्यात आपलं नाव विणायचं. फिलेच्या चौकोनी घरांत देवनागरी छान बसते. वरची रेघ म्हणजे भरलेल्या घरांची एक ओळ, बाकी खांबाला काना. पहिलं अक्षर घातलं तरी पुरे. राणीने घातलं, तर आपण का नाही?

तीन. जे आहे ते जपा. हर्णेची हवा खारी, त्यात पावसाळा. पोलादी सुई गंजते आणि गंजाचा डाग दोऱ्यावरून जात नाही, म्हणून सुई कामात खोचून ठेवू नका. पुसून कोरड्या डबीत ठेवा. खळ घातलेला रुमाल पावसाळ्यात तसाच ठेवला तर बुरशी धरतो. जूनच्या आधी खळ धुऊन काढा, कडक उन्हात वाळवा, जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. घडी मात्र दरवेळी नव्या जागी घाला, नाहीतर दोरा त्याच रेघेवर तुटतो.

परडीत अजून सहा फुलं उरली आहेत. ज्यांनी आज एकही उत्तर दिलं नाही, त्यांना संधी आहे. उद्या सकाळी चिठ्ठीवर नाव लिहून आल्यावर माझ्याकडून एक फूल घेऊन जा. ती फुलं कोणी विणली, हे तर आता तुम्हाला माहीत आहेच.